व्हीएममध्ये डाउनलोड रखडलंय? लाइनवाल्याला फोन करण्याआधी

लॅपटॉपवर उबुंटूची आयएसओ फाइल दहा मिनिटांत उतरली. त्याच लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशिनमध्ये तीच फाइल तासभर रांगतेय. मग सगळे करतात तेच आपणही करतो : लाइनवाल्याला फोन. तो राउटर बंद-चालू करायला सांगतो. पण होस्टला पूर्ण वेग मिळत असेल, तर त्या बिचाऱ्याचा काय दोष?

गैरसमज : ‘१०० ची लाइन घेतली, व्हीएममध्ये १२ च दिसतात.’
हा वेग पूर्णच आहे. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये मोजते, डाउनलोड करणारा प्रोग्रॅम बहुधा मेगाबाइटमध्ये. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

गैरसमज : ‘रॅम वाढवा, कोअर वाढवा.’
हा सल्ला सर्रास मिळतो आणि बहुतेकदा वाया जातो. अडतं ते नेटवर्क कार्डापाशी. व्हर्च्युअलबॉक्स बऱ्याच गेस्टना इंटेल प्रो/१००० हे जुनं कार्ड देतो. ते कार्ड प्रत्यक्षात नसतंच. हायपरव्हायझर त्याचं सोंग वठवतो आणि त्यात सीपीयूचा वेळ जातो. व्हर्टआयओ किंवा व्हीएमवेअरचं व्हीएमएक्सनेट३ हे सोंग करतच नाहीत. आपण व्हीएममध्ये आहोत हे ड्रायव्हरला ठाऊक असतं, म्हणून मधले हेलपाटे वाचतात. लिनक्समध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीपासून असतो. विंडोजमध्ये नसतो! तेव्हा कार्ड बदलण्याआधी व्हर्टआयओ-विनची आयएसओ उतरवून ठेवा. नाहीतर इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही.

गैरसमज : ‘गेस्टमध्ये १० जीबीपीएस दिसतंय, म्हणजे नेटवर्क ठीक आहे.’
व्हीएमएक्सनेट३ हा आकडा होस्ट साध्या वायफायवर असला तरी दाखवतं. ती नुसती पाटी आहे.

गैरसमज : ‘नॅट काढून ब्रिज केलं की काम झालं.’
केबलवर पुष्कळदा होतंही, कारण नॅटमध्ये प्रत्येक पॅकेटचा पत्ता बदलण्याचं काम वाढतं. वायफायची गोष्ट वेगळी. ॲक्सेस पॉइंटला जोडलेल्या कार्डाचाच मॅक पत्ता ओळखीचा असतो, गेस्टचा नाही. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सला वायफायवर ब्रिज करताना पत्त्यांची अदलाबदल करावी लागते. वायफायवर असाल तर नॅटच बरं, असं माझं मत.

मग दोष शोधायचा कुठे? होस्टवर आयपर्फ३ चा सर्व्हर चालू करा आणि गेस्टमधून मोजा. मात्र उलट दिशेचा, म्हणजे ‘-R’ हा पर्याय लावा. एरवी आयपर्फ३ गेस्टचा अपलोड मोजतो आणि आपली तक्रार डाउनलोडची आहे. हे माप इंटरनेटला शिवतही नाही. इथेही वेग पडला, तर गडबड तुमच्याच मशिनमध्ये आहे. इथे चांगला आला, तर कर्लने फाइल डिस्कवर न लिहिता डेव्ह-नलमध्ये टाकून पाहा. तसं करताच वेग वाढला, तर रखडत होती ती व्हर्च्युअल डिस्क. नेटवर्कला उगाच बोल लागत होता.

हायपर-व्ही वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. होस्टमध्ये ब्रॉडकॉमचं जुनं १ गिगाबिटचं कार्ड असेल, तर व्हीएमक्यू ही सोय बंद करून बघा. ही अडचण मायक्रोसॉफ्टने स्वतःच नोंदवली आहे. तिथे लाइन, रॅम, गेस्ट सगळं ठणठणीत असतं. आडवी येते ती वेग वाढवण्यासाठी दिलेली सोय.