नळाला पाणी येते त्या दिवशी

छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही वसाहतीत ‘पाणी आलं’ या दोन शब्दांनी जेवढी धावपळ होते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो, मोटार सुरू होते. हौद, टाकी, ड्रम, घागरी, शेवटी अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. सगळे भरून झाले की मग निवांत चहा होतो. त्या चहाच्या घोटात जे समाधान असते, ते चोवीस तास नळ वाहणाऱ्या शहरातल्या माणसाला कळणे अवघड. पाणी तेच, नळही तसाच. फरक इतकाच, की इथे काही दिवस ते नव्हते.

रोज मिळणाऱ्या गोष्टींची किंमत आपल्याला का कळत नाही आणि ती कळून घेण्याचा आरोग्याला काही उपयोग होतो का, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ गेली काही दशके करत आहेत.

सवय झाली, की दिसेनासे होते

अत्तराचा वास थोड्या वेळाने जाणवत नाही, डोक्यावरच्या पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. जे बदलत नाही त्याकडे मेंदू दुर्लक्ष करतो, म्हणजे नवीन किंवा धोक्याच्या गोष्टीकडे लक्ष द्यायला तो मोकळा राहतो. सुखाचेही तसेच होते. नवी गाडी, नवे घर, पगारवाढ यांचा आनंद काही महिन्यांत ओसरतो आणि मन पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. त्यात वाईट गोष्टी मनावर चांगल्यापेक्षा जास्त ठसतात. दिवसभरात दहा कामे सुरळीत झाली आणि एक बिघडले, तर रात्री अंथरुणावर आठवते ते बिघडलेलेच. कृतज्ञतेचा सराव म्हणजे या कललेल्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जाणीवपूर्वक काही टाकणे.

प्रयोग काय सांगतात?

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००३ मधला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. कृतज्ञता लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य अधिक चांगले वाटू लागले, शारीरिक तक्रारी कमी जाणवल्या. त्रास लिहिणाऱ्यांच्या तुलनेत त्यांनी व्यायामालाही जास्त वेळ दिला. स्नायू व मज्जासंस्थेचे आजार असलेल्या रुग्णांवरच्या त्यांच्या पुढच्या प्रयोगात झोपही सुधारल्याचे दिसले.

मार्टिन सेलिगमन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आणखी सोपी रीत तपासली. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि त्या ‘का’ घडल्या तेही लिहायचे. त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकल्याचे आढळले.

पण इथल्या नळाशी सर्वांत जवळचा आहे तो २००८ मधला एक अभ्यास. आयुष्यातली चांगली घटना कशी घडली हे काही जणांना लिहायला सांगितले. ती ‘घडलीच नसती तर’ हे इतरांना. दुसऱ्या प्रकारे विचार करणाऱ्यांचे मन जास्त प्रसन्न झाले. नळ काही दिवस बंद राहून जे शिकवतो, ते इथे फक्त कल्पनेने साधले.

‘का’ या प्रश्नाचे मोल

एक बादली पाणी समोर ठेवून हा ‘का’ विचारून पाहावा. हे पाणी पैठणच्या नाथसागरातून पन्नासएक किलोमीटर अंतर कापून येते. वाटेत पंप चालवणारे, फुटलेली जलवाहिनी रात्री-अपरात्री जोडणारे, वेळेवर व्हॉल्व्ह फिरवणारे लाइनमन आहेत. त्याआधी धरणासाठी जमिनी सोडणारे शेतकरी आहेत. चारशे वर्षांपूर्वी याच शहरात मलिक अंबरने नहर बांधून जमिनीखालून पाणी आणले. पुढे पाणचक्कीवर पाण्याच्या जोरावर दळण होऊ लागले. आज पाणचक्कीच्या हौदाशी फोटो काढताना ते खोदणारे हात कुणाला आठवत नाहीत.

असे आभार मानणे आपल्याकडे नवे नाही. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करून त्याला पुरणपोळी भरवणाऱ्या मराठवाड्याला ते शिकवावे लागत नाही. अडचण एवढीच, की पोळा वर्षातून एकदा येतो.

गोड बोलून गप्प बसणे नव्हे

कृतज्ञ राहायचे म्हणजे तक्रार करायची नाही, असा अर्थ कुणी काढू नये. पाणी वेळेवर मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. आलेल्या पाण्याचे समाधान आणि न आलेल्या पाण्याचा जाब या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. घरातही ‘तुला काय कमी आहे’ असे म्हणून सुनेचे किंवा मुलाचे दुःख दाबणे, ही कृतज्ञता नव्हे.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम अल्पच आढळला. ही चांगली सवय आहे, औषध नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, कशातच रस न वाटणे असे होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

सुरुवात कशी कराल?

- झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. प्रत्येकीपुढे ‘का’ किंवा ‘कुणामुळे’ तेही लिहा.
- ‘कुटुंब, आरोग्य’ असे ढोबळ लिहू नका. ‘शेजारच्या काकूंनी पाणी आल्याचा आवाज दिला’ असे नेमके लिहा.
- रोज कंटाळा येत असेल तर आठवड्यातून एकदा लिहा. एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा लिहिण्यापेक्षा एकदा लिहिण्याचाच फायदा दिसला.
- कधी तरी उलटा प्रश्न विचारा: हे माणूस, ही गोष्ट नसती तर?
- आभार वहीत ठेवू नका, त्या माणसाला सांगा.

पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा धावपळ तशीच होईल. सगळे भरून झाल्यावर, चहा घेता घेता, व्हॉल्व्ह फिरवून निघालेल्या लाइनमनला एक कप विचारला, तरी सरावाला सुरुवात झाली असे समजावे.