मूत्रपिंडातील सूक्ष्म द्वारपाल

मनुष्याची मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यापैकी दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडते. उरलेले पाणी आणि बहुतांश क्षार देहाच्या खाती पुन्हा जमा होतात. काही क्षार पेशींच्या आतून परततात, तर काही शेजारच्या दोन पेशींमधील चिंचोळ्या फटीतून. ही फट म्हणजे मोकळी वाट नव्हे. तेथे अहोरात्र पहारा असतो.

जपानमधील क्योटो विद्यापीठात शोइचिरो त्सुकिता आणि मिकिओ फुरुसे यांनी १९९८ मध्ये हे पहारेकरी ओळखले. ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून या प्रथिनांना ‘क्लॉडिन’ हे नाव मिळाले. त्यांचे वीसहून अधिक प्रकार आहेत. काही वाट अडवतात, तर काही निवडक आयनांना सोडतात. प्रथिनाच्या बाहेरील भागातील अमिनो आम्लांचा विद्युतभार कोणाला प्रवेश द्यायचा ते ठरवतो. क्लॉडिन-२ सोडियमसारख्या धनभारित आयनांना वाट देते.

कॅल्शियम व मॅग्नेशियम रक्तात परतण्यासाठी क्लॉडिन-१६ आवश्यक असते. अमेरिकेतील येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की त्याच्या जनुकातील दोषामुळे एक दुर्मीळ आनुवंशिक रोग जडतो. हे क्षार मूत्रावाटे वाहून जातात, मूत्रपिंडात कॅल्शियम साचते आणि अनेकदा ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होतात. दोष आई व वडील दोघांकडून आला, तरच रोग प्रकटतो. आईवडील मात्र निरोगी दिसतात.

क्लॉडिन-१४ चे काम याच्या उलट आहे. रक्तात कॅल्शियम वाढले की ते ही वाट रोखते आणि जादा कॅल्शियम मूत्रात जाते. आइसलँड व नेदरलँड्समधील लोकांच्या अभ्यासातून २००९ मध्ये असे आढळले, की या जनुकाच्या एका सर्वसामान्य रूपाचा मूतखड्याशी संबंध आहे. हे रूप दोन्ही बाजूंनी लाभलेल्यांचे प्रमाण सुमारे ६२ टक्के असून त्यांना मूतखड्याचा धोका ते मुळीच नसलेल्यांच्या १.६४ पट असतो.

मात्र एवढ्या लोकांपैकी बहुतेकांना मूतखडा कधीच होत नाही. वारशाने प्रवृत्ती मिळते. पुढचे पुष्कळसे दैनंदिन आचरणावर अवलंबून असते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी दिवसभर थोडे थोडे, पण पुरेसे पाणी घ्यावे. ज्यांना पूर्वी मूतखडा झाला आहे, त्यांनी दीर्घ उपवासापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे श्रेयस्कर. व्रत देहाला जपूनही निष्ठेने पाळता येते.