पावसात फुगलेलं दार आणि रंधा

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै उलटला की सागवानी दारं चौकटीत रुतायला लागतात. मग सुताराला फोन, सुताराचा रंधा, आणि दार मोकळं. मार्च येतो तेव्हा त्याच दाराच्या फटीतून अंगण दिसतं.

लाकूड ओल पिऊन फुगतं ते रेषेला आडवं. रेषेच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. त्यामुळे दाराची उंची तेवढीच राहते, रुंदी वाढते. म्हणून भर पावसात जिथं घासतंय तेवढाच भाग उतरवावा, बाकीचा विचार दिवाळीनंतर. घासणारी जागा डोळ्यांनी ठरवू नये. दार आणि चौकट यांमध्ये कार्बन पेपर धरून दार लावावं. डाग उमटेल तिथंच रंधा फिरवायचा.

रंधा कोणता? घरात एकच ठेवायचा तर लोखंडी, पाच नंबरचा, साधारण १४ इंच लांबीचा. तळ लांब असल्यामुळे तो उंचवट्यांवर टेकतो, खळग्यात उतरत नाही; कड सरळ होते ती त्यामुळे. चार नंबरचा, नऊ इंची रंधा शेवटच्या सफाईचा. लाकडी रंध्यावर माझं प्रेम आहे, पण इथल्या हवेत तोही ओल पितो आणि त्याचा तळ वाकतो. लोखंडी रंधा गंजतो हे खरं, पण तेलाचं बोट फिरवलं की भागतं.

खरं काम पात्याचं. पातं अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा; ते निसटलं तर धार गेलेली आहे. पात्याची उतरण सुमारे २५ अंशांना घासतात आणि टोकाला दगडावर ३० अंशांची बारीक धार देतात. पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी टोकापासून मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी मागे ठेवावी. ती साल उठताक्षणी मोडते, म्हणून पुढचं लाकूड उपटत नाही. मग रंधा उलटा धरून तळाच्या रेषेत बघत पातं केसभर बाहेर काढा. पहिल्या फटक्याला काहीच निघालं नाही तरी चालेल. ढलपी निघाली तर मात्र पातं फार बाहेर आहे.

दार बिजागऱ्यांतून काढून आडवं घट्ट टेकवावं. खिळ्याचं डोकं राहिलं असेल तर ते आधी शोधा, नाहीतर पात्याला दाता पडतो. रेषा ज्या दिशेनं वर चढते त्याच दिशेनं ढकला. सुरुवातीला जोर पुढच्या बोंडावर, संपताना मागच्या मुठीवर. नाहीतर दोन्ही टोकं जास्त उतरतात. उतरवायचं बरंच असेल तर बिजागरीची बाजू घ्या, कुलपाला हात लावावा लागत नाही. वरच्या-खालच्या कडेला उभ्या पट्ट्यांची टोकं येतात. तिथं रंधा सरळ पार नेला की कोपरा फुटतो, म्हणून दोन्हीकडून आत, मध्यापर्यंतच.

जवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखालच्या लाकडी कमानी सुमारे २००० वर्षं टिकल्या आहेत. उन्हापावसाचा थेट मारा तिथवर पोचत नाही. आपल्या दाराला ते नशीब कुठलं! उतरवलेली कड लाकूड कोरडं असताना रंगवून घ्यावी. त्यातही दाराची खालची कड, जी कुणालाच दिसत नाही आणि जिथून पट्ट्यांची उघडी टोकं सर्वांत जास्त पाणी ओढतात.