गोंदिया–हैदराबाद हवाई अंतर

गोंदिया–हैदराबाद हवाई अंतर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील बिरसी विमानतळ आणि हैदराबादजवळील शमशाबाद येथील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले किमान अंतर होय. ते सुमारे ५१३ किमी (२७७ नॉटिकल मैल) भरते.

अंतराची मोजणी

हे अंतर शालेय भूगोलाच्या आधारेही काढता येते. बिरसी साधारणपणे २१°३१′ उत्तर अक्षांश व ८०°१७′ पूर्व रेखांशावर आहे; शमशाबाद १७°१४′ उत्तर व ७८°२६′ पूर्व येथे. अक्षांशांतील फरक ४°१७′. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ४७५ किमी होते. रेखांशांतील फरक १°५१′ आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत असल्यामुळे या पट्ट्यात एक अंश रेखांश सुमारे १०५ किमीचाच असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर १९४ किमी. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या की पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण मिळतो. अधिक लांबच्या शहरांसाठी मात्र पृथ्वीची वक्रता विचारात घ्यावीच लागते.

बल्लारशहामार्गे लोहमार्गाचे अंतर सहाशे किमीहून अधिक आहे.

उड्डाणकाळ

या मार्गावर वापरल्या जाणाऱ्या एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किमी असतो. केवळ भागाकार केल्यास एक तास येतो. पण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे यांत आणखी पंधरा-वीस मिनिटे जातात. वेळापत्रकातील काळ म्हणूनच गणितापेक्षा मोठा असतो. प्रवाशाचा खरा काळ तर त्याहूनही मोठा. गोंदिया शहरापासून बिरसी सुमारे १२ किमी, शमशाबादपासून हैदराबाद शहर सुमारे २४ किमी. त्यात विमानतळावरील प्रतीक्षा मिळवली, तर सव्वा तासाच्या उड्डाणासाठी चार-पाच तास सहज मोडतात.

सेवेचा इतिहास

बिरसीची धावपट्टी १९४० च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. पुढे तिची लांबी २,३०० मीटरपर्यंत वाढविण्यात आली आणि वैमानिक प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून हे ठिकाण ओळखले जाऊ लागले. गावावरून दिवसभर शिकाऊ विमाने घिरट्या घालीत. गोंदियाच्या प्रवाशाला मात्र विमान पकडण्यासाठी सुमारे १३० किमीवरील नागपूर गाठावे लागे. १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिग कंपनीने इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू केली. ती काही महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादची सेवा सुरू केली. मधल्या काळात दोन्ही विमानतळांतील अंतर ५१३ किमीच होते, पण प्रवाशाचा रस्ता पुन्हा नागपूरमार्गेच गेला.