आधी जमीन, मग बोर्ड

नगर शहरातून मनमाडच्या रस्त्याने निघाले की सावेडी लागते. एके काळचे हे गाव आता अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, मोठे उपनगर झाले आहे. जुनी घरे आहेत, नवे बंगले आहेत, इमारती आहेत. जुन्या घरांत, मग ती सावेडीची असोत की तुमच्या मळ्यातली, एक गोष्ट पुष्कळदा सारखी दिसते. वस्तू आजच्या असतात आणि भिंतीवरचा विजेचा बोर्ड वडिलांच्या काळातला असतो.

ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ साली स्थापन झाले. त्याच्या साहाय्याने देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांपैकी एक याच जिल्ह्यातली, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. २०११ साली तिच्या भागाचा वीजपुरवठा महावितरणकडे गेला. त्या काळी साठ वॅटचे दोन दिवे आणि एक रेडिओ एवढ्याला अर्धा-पाऊण अँपिअर पुरे होत असे. आज २,००० वॅटचा एकटा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. त्यात फ्रिज, मिक्सर, इस्त्री आणि गोठ्यातली कडबाकुट्टी मिळवा. एवढा भार जुन्या तारेवर पडला की तार तापते, किटकॅटमधला फ्यूज जातो, आणि मग कोणीतरी तिथे जाड तार गुंडाळून देतो. त्यानंतर फ्यूज जात नाही. पण भिंतीच्या आतली तार जळू शकते.

म्हणून बोर्ड बदलायचा विचार उत्तमच. मात्र हल्ली दुकानात जाऊन आधी महागडे यंत्र आणायचे आणि नंतर बाकीचे पाहायचे, असे होते. घर जसे पायापासून बांधतो, तसेच हे काम जमिनीपासून वर न्यायचे असते. क्रम चुकला तर पैसाही वाया जातो आणि जीवही सुरक्षित राहत नाही.

पहिले काम अर्थिंगचे

घराच्या भिंतीपासून निदान दीड मीटर दूर, ओलावा टिकेल अशा जागी अर्थिंग घ्यावे. साधारण अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. काळ्या जमिनीत ओल टिकते. मुरमाड जमिनीत टिकत नाही. नगरसारख्या कमी पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. पाच ओहमच्या आत आले तर उत्तम.

काही ठिकाणी तिसऱ्या पिनची तार न्यूट्रललाच जोडून वेळ मारून नेतात. हे कदापि करू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यात आणि पाण्याच्या मोटरीच्या अंगात वीज उतरते.

मग बोर्ड

एमसीबी हा तारेचा रखवालदार आहे. तो तारेच्या जाडीप्रमाणे बसवावा. दीड एम.एम.च्या दिव्यांच्या तारेवर सहा किंवा दहा अँपिअरचा, अडीच एम.एम.वर सोळाचा, गिझरच्या चार एम.एम.वर वीसचा. सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणे म्हणजे पुन्हा जाड तार गुंडाळणेच होय.

एमसीबी तार वाचवतो. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. जुने वायरमन हिला ईएलसीबी म्हणतात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, की ती पापणी लवायच्या आत पुरवठा तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यावी. तिच्यावरचे 'टी' अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. ती पडली तर ठीक. न पडली तर बदलावी. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर मात्र तिला काही कळत नाही. तेव्हा आरसीसीबी आहे म्हणून चालू तारेला हात लावू नये.

जुन्या घरात नवी आरसीसीबी सारखी पडते अशी तक्रार येते. ओलसर भिंतीतून वीज झिरपते, किंवा दोन खोल्यांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. दोष शोधायला वायरमनला एखादा दिवस लागेल, तो द्यावा. "काढून टाकू, कटकट नको" असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. ती पडते आहे, म्हणजे घरात कुठेतरी दोष आहे हे ती सांगते आहे. गोठ्याच्या तारेवर स्वतंत्र आरसीसीबी असावी. ओल्या जमिनीवर चार पायांनी उभ्या जनावराला माणसापेक्षा कमी दाबाचा धक्काही पुरतो.

वीज कडाडते तेव्हा

वळवाच्या आणि परतीच्या पावसात लाइनवर क्षणभर दाबाची लाट येते आणि टीव्ही, इन्व्हर्टर, मोटरीचा पॅनल जातो. ही लाट जमिनीत वळवणाऱ्या साधनाला एसपीडी म्हणतात. घरच्या बोर्डात टाइप २ चे बसवतात. इमारतीवर तडितरक्षक असेल तर टाइप १ लागते. त्याच्या जोडतारा मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात. त्यावरच्या लहान खिडकीत हिरवा रंग असेल तर ते काम करते, लाल झाला की संपले. अर्थिंग नसेल तर लाट वळणार कुठे? म्हणूनच सुरुवात जमिनीपासून करायची.

एसपीडी क्षणाच्या लाटेसाठी आहे. खांबावरचा न्यूट्रल तुटून २३० ऐवजी ३००-३५० व्होल्ट येत राहिले, तर ते काही करू शकत नाही. त्यासाठी दाब कमी-जास्त होताच पुरवठा तोडणारे निराळे साधन बोर्डात घ्यावे. आणि थेट वीज पडली तर कोणतेच यंत्र पूर्ण हमी देत नाही. आभाळ भरून येताच प्लग काढून ठेवावेत. कडाडू लागल्यावर मात्र बोर्डाजवळ जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर असू द्या. आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते इशारा देते.

धूर आधी ओळखावा

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. कोविडचे किमान अकरा रुग्ण दगावले. शॉर्टसर्किटचा संशय त्याच दिवशी व्यक्त झाला. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके गेली होती. बंद जागेतल्या आगीत ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो. झोपलेल्याला तर जागही येत नाही.

धुराची सूचना देणारे यंत्र निजायच्या खोलीबाहेर, छताला लावावे. स्वयंपाकघरात लावले तर रोज फोडणीला ओरडेल आणि घरचे लोक ते काढून टाकतील. तिथे उष्णता ओळखणारे लावावे. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे त्याचे यंत्र जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवे. ते वाजले, किंवा नुसता वास आला, तरी कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ वर फोन करावा. गॅस गिझर न्हाणीघरात असेल, किंवा थंडीत खोलीत शेगडी ठेवत असाल, तर विषारी वायूचा धोका असतो. त्या वायूला वास नसतो. हवा खेळती ठेवणे हाच त्यावर पहिला उपाय. यंत्र त्याच्या जोडीला.

सगळे एका हंगामात जमेलच असे नाही. या पिकाच्या पैशातून अर्थिंग, योग्य एमसीबी आणि आरसीसीबी करा. पुढच्या वळवाआधी एसपीडी घ्या. धुराचे यंत्र फार महाग नाही, ते कधीही लावता येते. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. मीटरच्या अलीकडचे, खांबाकडचे काम महावितरणचे. त्यासाठी १९१२ वर तक्रार नोंदवा. इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच बंद केल्यावरही काही तारांत वीज राहते, हे वायरमनला आधीच सांगा.

आज संध्याकाळी एवढे करा. सगळे दिवे आणि उपकरणे चालू असताना बोर्डाजवळ उभे राहा. काही लागलेले काळे डाग दिसतात का, जळका वास येतो का, कुठे चरचर ऐकू येते का, ते पाहा. काही आढळले तर हंगामाची वाट पाहू नका. त्या तारेवरचा भार लगेच बंद करा आणि उद्या सकाळी पहिला फोन वायरमनला करा.