हस्ताचा हत्ती

सप्टेंबरअखेर सूर्याने हस्त नक्षत्री प्रवेश केला की मुली पाटावर हत्ती रेखून हादगा मांडतात. याच सुमारास एका कीर्तनात, वाचाळ माणसाचे वर्णन करताना, मी 'गरजेल तो पडेल काय' ही म्हण योजिली. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध शेतकरीण म्हणाली, "बुवा, आमचा हत्तीचा पाऊस तर गरजूनच पडतो की!"

मी निरुत्तर झालो. शरदातला मेघ नुसता गर्जतो, असे संस्कृत सुभाषितकार सांगतात. पण तो बरसून रिता झालेला मेघ. सोलापूर-मंगळवेढ्याकडे परतीच्या पावसाचे ढग दुपारच्या उन्हाने चढतात, कडाडतात आणि बरसतातही. त्या ओलीवरच काळ्या रानातला शाळू उभा राहतो. तिथे गर्जना हीच आशा.

म्हण माणसाच्या पारखीसाठी आहे, आभाळाच्या नव्हे. वीज दिसल्यापासून तीन सेकंदांत गडगडाट ऐकू आला, तर ती अवघ्या एका किलोमीटरवर आहे असे जाणावे. अशा वेळी म्हणीवर विसंबून झाडाखाली थांबू नये. पक्के घर गाठावे. हत्तीची पूजा अवश्य करावी, त्याच्या वाटेत मात्र उभे राहू नये.