मुलामा आणि सोने

आपण ज्याला कलम म्हणतो, त्याला मराठीत लेखणी म्हणतात. पण कलम हा शब्दही मराठीत रुळलेला आहे. शाई हा शब्द सियाहीवरून आला आणि दौत हा दवातीवरून. असाच आणखी एक शब्द आहे, मुलामा. उर्दूतला मुलम्मा तो हाच. आतली धातू एक आणि वरचा थर दुसऱ्या धातूचा, म्हणजे मुलामा. आज आपण या शब्दाची ओळख शाईच्या पेनाच्या गुलाबी सोनेरी निबेवरून करून घेऊ.

महागड्या पेनांच्या दुकानात काचेआड गुलाबी झाक असलेल्या सोनेरी निबा मांडलेल्या असतात. दोन पेनांच्या निबा अगदी सारख्या दिसतात, पण किमतीत मोठा फरक असतो. असे का? कारण एक निब सोन्याची असते आणि दुसरीवर सोन्याचा फक्त मुलामा असतो.

निबेला सोने लागतेच कशाला? त्याचे कारण जुन्या शाईत आहे. पूर्वी मायफळ आणि हिराकस यांपासून काळी शाई करत. ही शाई आम्लधर्मी असे. तिने पोलादी टाक लवकर गंजे आणि अक्षर फाटू लागे. सोन्यावर मात्र अशा शाईचा परिणाम होत नाही. म्हणून चांगल्या पेनांना सोन्याची निब बसवण्याची पद्धत पडली. आता न गंजणारे पोलाद मिळते, त्यामुळे ही अडचण बरीचशी दूर झाली आहे.

शुद्ध सोने २४ कॅरटचे असते. पण ते फार मऊ असते. त्याची निब केली, तर ती लिहिताना वाकेल. म्हणून सोन्यात तांबे, चांदी अशा धातू मिसळतात. १८ कॅरट म्हणजे २४ भागांपैकी १८ भाग सोने, म्हणजेच हजारात ७५०. १४ कॅरट सोन्यात हजारात सुमारे ५८५ भाग सोने असते. जपानमधील सेलर कंपनी २१ कॅरटच्या निबाही तयार करते. तिथे हे प्रमाण हजारात ८७५ असते.

आता गुलाबी रंगाकडे वळू. जमिनीतून गुलाबी सोने निघत नाही. सोन्यात तांब्याचे प्रमाण वाढवले, की त्याला तांबूस झाक येते. १८ कॅरटच्या गुलाबी सोन्यात ७५ टक्के सोने असते. उरलेल्यात बहुतेक तांबे आणि थोडी चांदी असते. एकेकाळी रशियात हे सोने फार आवडीचे होते, म्हणून त्याला रशियन सोने असेही म्हणत. येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. १८ कॅरटच्या पिवळ्या आणि गुलाबी सोन्यात सोन्याचे प्रमाण सारखेच असते. रंगावरून सोन्याचा कस कळत नाही.

मुलामा कसा देतात? सोन्याचा क्षार विरघळवलेल्या द्रावणात निब बुडवतात आणि ती विजेच्या ऋण टोकाला जोडतात. प्रवाह सुरू झाला, की सोने निबेवर बसू लागते. द्रावणात तांब्याचा क्षारही घातला, तर थर गुलाबी होतो. विजेच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा देण्याचा प्रयोग इटलीतील ब्रुन्यातेली या शास्त्रज्ञाने १८०५ साली केला. हा थर बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. आपला केससुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी पट जाड असतो.

मुलामा नेहमी पोलादावरच असतो, असे मात्र नाही. काही निबा आतून पिवळ्या सोन्याच्या असतात आणि वरून गुलाबी थराच्या. जर्मनीच्या माँब्लाँ कंपनीच्या अनेक निबा सोन्याच्याच असतात, पण त्यांच्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो. म्हणजे पांढरी दिसणारी निब सोन्याची असू शकते आणि सोनेरी दिसणारी निब पोलादाची असू शकते!

मग ओळखायचे कसे? आधी निबेवरचा शिक्का वाचा. १४ के, ५८५, १८ के किंवा ७५० असे कोरलेले असेल, तर निब सोन्याची असल्याचा कंपनीचा तो दावा असतो. जी.पी. ही अक्षरे मुलामा सुचवतात. 'इरिडियम पॉइंट' असे लिहिलेले असेल, तर ते फक्त टोकाविषयी असते. त्यावरून सोने सिद्ध होत नाही. लोहचुंबकाला निब चिकटली, तर आत पोलाद आहे हे नक्की. पण ती चिकटली नाही, म्हणून ती सोन्याची ठरत नाही, कारण काही प्रकारचे पोलादही चुंबकाला चिकटत नाही.

वापरात दोन्हींचा फरक हळूहळू दिसतो. गुलाबी सोन्यातले तांबे हवेमुळे कधीकधी काळपट पडते. मऊ कापडाने पुसले, की पुष्कळदा चमक परत येते. थोडे झिजले, तरी आत तोच रंग असतो. मुलाम्याचे तसे नाही. वारंवार घासले किंवा चमक आणणारी पावडर लावली, तर थरच निघून जातो आणि खालची धातू उघडी पडते. म्हणून मुलाम्याची निब साध्या पाण्याने धुवावी आणि हलक्या हाताने टिपून घ्यावी.

आता सर्वांत गमतीची गोष्ट ऐका. कागदाला सोने टेकतच नाही! निबेच्या टोकावर फार कठीण धातूंचा एक बारीक मणी जोडलेला असतो. कागदावर तोच फिरतो. इंग्लंडमधील टेनंट या शास्त्रज्ञाने १८०३ साली इरिडियम आणि ऑस्मियम या धातू शोधल्या. पुढे अशा धातूंचे टोक सोन्याच्या निबेला बसवले जाऊ लागले. हा मणी नीट घासलेला असेल आणि निबेची फट सरळ असेल, तर पोलादी निबेनेही सुंदर अक्षर येते.

थोडा हिशेब करू. १४ कॅरटची एक निब अर्ध्या ग्रॅमची आहे असे समजा. तिच्यात शुद्ध सोने किती? ०.५ गुणिले ०.५८५, म्हणजे सुमारे ०.२९ ग्रॅम. पेनाच्या किमतीत एवढ्या सोन्याबरोबर कारागिरीची आणि कंपनीच्या नावाचीही किंमत असते.

मुलामा देणे ही फसवणूक नव्हे, ती एक कला आहे. मात्र मुलाम्याला सोने म्हणून विकणे ही फसवणूक आहे. कोणी वर्षभर पैसे साठवून वडिलांना किंवा शिक्षकांना भेट देण्यासाठी असे पेन घेत असेल, तर त्याला खरे काय ते कळलेच पाहिजे. म्हणून दुकानात "ही निब सोन्याची दिसते का?" असे विचारू नका. "आत कोणती धातू आहे?" असे विचारा आणि मिळालेले उत्तर पावतीवर लिहून घ्या.